परचुरे वॉरंटी घेतो की नाही

एका गाडीत चार मराठी माणसं रोज सकाळी सव्वा तास आणि संध्याकाळी दीड तास बसवा. काचा वर, एसी चालू आणि बाहेर जुन्या महाबलीपुरम रोडचं रुंदीकरण. किस्से साठले नाहीत तरच नवल! आमच्याकडे इतके साठले की एक सांगायला घेतला की दुसरा रांग मोडून पुढे घुसतो. त्यातले वॉरंटीचे किस्से मात्र मी वेगळे ठेवलेत. ते सांगताना अजून हसू येतं.

आधी माणसं सांगते. गाडी विनय परचुरेची. मूळचा पुण्याचा, आमचा प्रोजेक्ट मॅनेजर आणि स्वभावाने काळजीवाहू सरकार. त्याच्या शेजारच्या सीटवर राव मामा, ऑफिसच्या अ‍ॅडमिनमधले, पन्नाशी उलटलेले. त्यांचं घराणं तंजावरचं, तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी ऐकली की वाटायचं, बखरीतला माणूस तमिळ सुरात बोलतोय. मागे मी आणि कोल्हापूरचा सुहास, जो परचुरेला ऑफिसात 'सर' म्हणायचा आणि गाडीत 'दादा'. मी टेस्टिंगमध्ये. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा माझा सुखाचा धंदा.

आणि मेधा, परचुरेची बायको. ती गाडीत नसायची, पण गाडीतलं निम्मं बोलणं तिच्याबद्दलच असायचं. पुण्यातली शाळेची नोकरी सोडून ती चेन्नईला आली ती "दोनच वर्षं गं, मग परत" या परचुरेच्या शब्दावर. ती दोन वर्षं डिसेंबरात संपत होती. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात गाडी घेतली होती, त्यामुळे गाडीची वॉरंटीही डिसेंबरातच संपत होती.

*

सप्टेंबरात पत्र आलं. वॉरंटी संपायच्या आत पैसे भरलेत तर आणखी दोन वर्षं वाढवून मिळेल, एक दिवस जरी उशीर झाला तरी मिळणार नाही. परचुरेने ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

मेधाने हातातली पोळी ताटात ठेवली. "दोन वर्षं? म्हणजे आपण अजून दोन वर्षं इथे?"

"अगं, मी गाडीचं म्हणतोय."

"मीही गाडीचंच विचारतेय. गाडी कुठे असणार आहे?"

दुसऱ्या दिवशी तिरुवान्मियूरच्या सिग्नलला त्याने आम्हाला हे सगळं सांगितलं. सांगता सांगता सिग्नल सुटला, त्याचा क्लचवरचा पाय सटकला आणि गाडी एक उडी मारून बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ!

"बघितलंत? म्हणून वॉरंटी हवी!"

"दादा, ती ड्रायव्हरला लागू नसते," सुहास म्हणाला.

राव मामा खिडकीबाहेर बघत शांतपणे बोलले, "आमचे लोक पण थोडे दिवस म्हणूनच आले होते कीं."

परचुरेने घाईने किल्ली फिरवून गाडी पुन्हा चालू केली.

*

मॅनेजर माणूस चिंतेत पडला की काय करतो? एक्सेल शीट उघडतो.

परचुरेने वॉरंटीची शीट केली. ओळीओळीने धोके. गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंग. प्रत्येकापुढे तीन रकाने: घडण्याची शक्यता, घडलं तर परिणाम, आणि त्यावर उपाय. मला म्हणाला, "अनघा, रिव्ह्यू कर." मी केला. भरपूर चुका काढल्या, धर्मच तो आपला!

पण या माणसाने ही शीट आणि प्रोजेक्टच्या धोक्यांची शीट एकाच फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि नावंही जवळजवळ सारखी. सोमवारी अमेरिकेतल्या क्लायंटला जायची होती प्रोजेक्टची. गेली गाडीची!

संध्याकाळी कॉन्फरन्स रूममध्ये स्पीकरफोनभोवती आम्ही आठजण. क्लायंटकडचा ग्रेग म्हणजे एकदम शिस्तीचा माणूस. त्याने एकेक ओळ वाचायला घेतली. "विनय, या गिअरबॉक्स मॉड्यूलबद्दल मला काही माहीत नव्हतं. हे कधी ठरलं?"

परचुरेचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. तो "सॉरी, राँग अटॅचमेंट" म्हणेपर्यंत ग्रेग शेवटच्या ओळीला पोचला होता. मग एकदम हळू आवाजात, "विनय, इज युवर वाइफ ओके?"

मी शीट पुन्हा उघडून बघितली. मी रिव्ह्यू केल्यानंतर त्याने एक ओळ वाढवली होती. 'मेधा खूश नाही.' शक्यता: हाय. परिणाम: हाय. उपायाचा रकाना रिकामा.

त्यानंतर ग्रेग दर सोमवारी कॉल संपताना न चुकता विचारायचा, "अँड रिस्क नंबर सेव्हन?"

परचुरे म्हणायचा, "स्टिल ओपन."

*

ऑक्टोबर लागला आणि गाडीतून आवाज यायला लागला. कट्-कट्, कट्-कट्. पेरुंगुडीचे खड्डे सुरू झाले की यायचा, शोळिंगनल्लूर आलं की थांबायचा.

परचुरे म्हणाला, "वॉरंटी आहे तोवर हे पकडलंच पाहिजे!" गाडी गिंडीच्या वर्कशॉपला नेली. तिथे सेल्वम नावाचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर होता, कपाळावर विभूतीची रेघ, खिशात चार पेनं. त्याने गाडी फिरवून आणली. "नो साउंड सर."

परत नेली. "नो साउंड सर."

मी म्हटलं, हा तर आमचा रोजचा प्रकार. बग आला तर ज्या परिस्थितीत आला ती जशीच्या तशी उभी करायची, तरच तो पुन्हा दिसतो. म्हणजे काय, तर चौघांनी आपापल्या जागी बसायचं, राव मामांचा डबा त्यांच्या पायाशी, माझी बॅग माझ्या मांडीवर. परचुरेला हे इतकं पटलं की आम्ही चौघांनी अर्धा दिवस रजा टाकली! सेल्वमला मागे आमच्या दोघांच्या मध्ये कोंबला आणि निघालो.

पहिले दोन किलोमीटर काही नाही. मग सुहास म्हणाला, "दादा, रोज ह्या टायमाला आपण काय करतो? बोलतो की!" झालं! परचुरेने वॉरंटी काढली, मी मेधाची बाजू घेतली, सुहास दोघांच्याही विरुद्ध बोलायला लागला, राव मामा "अय्यो, हळू बोला रे" म्हणत राहिले. खड्डे आले, गेले. परचुरे ओरडला, "आला! ऐकलात का?"

सेल्वमने दोन्ही कानांवरचे हात काढले.

वर्कशॉपला आल्यावर त्याने जॉबकार्डवर काहीतरी लिहिलं आणि परचुरेच्या हातात दिलं. घरी गेल्यावर परचुरेने वाचलं: 'व्हेइकल ओके. साउंड फ्रॉम कस्टमर साइड ओन्ली.'

*

मधल्या काळात परचुरेने ज्याला त्याला विचारून घेतलं. ऑफिसच्या कँटीनवाल्यालासुद्धा! निम्मे म्हणाले घे, निम्मे म्हणाले ते सगळं कंपन्यांचं चरायचं कुरण, घेऊ नकोस. याला रोज नवीन माणूस भेटायचा आणि रोज मत बदलायचं.

शेवटी एका रविवारी पुण्याला सासऱ्यांना फोन लावला. सासरे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडीला मुदतवाढ द्यायची का, ते तुम्ही बघा. मुलीची मुदत आम्हाला दोनच वर्षांची सांगितली होती, एवढं लक्षात ठेवा."

सोमवारी गाडीत हे सांगताना तो हसला. पण बोलताना त्याने तीनदा आरशात माझ्याकडे बघितलं, मी हसतेय का म्हणून. मला हसता आलं नाही.

*

आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा करतात. चेन्नईत आदल्या दिवशी, आयुधपूजेला. परचुरेने ठरवलं, दोन्ही करायच्या. नवमीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये, दशमीला घरी. "असू दे, बॅकअप!"

ऑफिसातल्या पूजेला घरची मंडळीही यायची. मेधाही आली होती, निळ्या साडीत. राव मामांनी सगळी तयारी केली: झेंडूचे हार, बॉनेटवर चंदन-कुंकू, चारी चाकांखाली चार लिंबं, आणि पूसनिकाय, म्हणजे आपला कोहळा, कुंकू भरून फोडायचा. दृष्ट निघते म्हणे.

परचुरेचं लक्ष दुसरीकडेच. त्याने बाजूला जाऊन सेल्वमला फोन लावला. "कुंकवाचा डाग पडला तर पेंट वॉरंटीत बसतो का? आणि लिंबाच्या रसाने टायरचं रबर खराब होतं का?"

तिकडून सेल्वम म्हणाला, "सर, टुडे ऑल वर्कशॉप पूजा सर. माय कार आल्सो लेमन सर."

मी मेधाच्या बाजूला उभी होते. ती त्याच्याकडेच बघत होती. मला हळूच म्हणाली, "बघ ना अनघा. गेले दोन महिने गाडीला काय झालं तर काय करायचं ते सगळ्या जगाला विचारतोय. मला नाही विचारलं एकदाही."

"काय विचारायला हवं त्याने?"

"तू काय ठरवलंस, असं."

मला वाटलं होतं तिचं उत्तर ठरलेलंच आहे, विचारायचं काय त्यात. मी विषय बदलला. खरं सांगायचं तर मला ते उत्तर ऐकायचंच नव्हतं. मी अड्यारला एकटी पीजीमध्ये राहत होते. ही दोघं पुण्याला गेली की ही गाडी, ही सकाळ, रविवारचा मेधाच्या हातचा वरणभात, सगळंच संपणार होतं.

तेवढ्यात राव मामांनी हाक मारली, "सरि, ठीक, आतां गाडी पुढें काढा!" लिंबांवरून गाडी पुढे न्यायची असते. परचुरे बसला, घाबरत घाबरत गिअर टाकला, आणि गाडी गेली मागे! पाठीमागे सगळ्या ऑफिसचे कोहळे रचून ठेवले होते. धडाम!

टेल लॅम्प फुटला. दृष्ट मात्र सगळ्या ऑफिसची एकदम निघाली.

संध्याकाळी पुन्हा सेल्वमला फोन. सेल्वमने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, पूसनिकाय नॉट कव्हर्ड सर."

*

नोव्हेंबरात पाऊस लागला. परचुरे राहायचा वेलाचेरीत, चेन्नईच्या सखल भागात. तिथल्या माणसाला नोव्हेंबर म्हणजे काय ते विचारा! परचुरेने तोवर वॉरंटीच्या कागदावरचा सगळा बारीक मजकूर पाठ केला होता. त्यात स्पष्ट होतं, इंजिनात पाणी शिरलं तर वॉरंटी नाही, जुनी नाही आणि वाढवलेलीही नाही.

एका रविवारी सकाळी सात वाजता त्याचा मला फोन. "पाणी बंपरला लागलंय! चालू केली तर इंजिन जाईल, नाही केली तर गाडी!"

मी आणि सुहास ऑटो मिळेल तिथवर गेलो आणि मग गुडघाभर पाण्यातून चालत. परचुरे लुंगी वर खोचून गाडीभोवती फेऱ्या मारत होता. तिघांनी मिळून गाडी ढकलत नेली. त्या गल्लीत उंचावर एकच जागा होती, कोपऱ्यावरच्या कल्याण मंडपम्‌चा, म्हणजे मंगल कार्यालयाचा उतार. चढवली तिथे, हँडब्रेक लावला आणि चहा प्यायला घरी आलो. घरात मेधा नव्हती. परचुरेला वाटलं, शेजारी गेली असेल.

तासाभराने परत गेलो तर गाडी ओळखू येईना. बॉनेटवर मोगऱ्याच्या माळा, काचेवर थर्मोकोलची अक्षरं, 'सेंथिल वेड्स कविता'. लग्नघरच्यांना वाटलं, नवरदेवाची ठरवलेली गाडी पाण्यातून कशीबशी आली!

परचुरेने कपाळाला हात लावला. "त्या चिकटपट्टीने रंग निघाला तर?" पण म्हणायचं कोणाला? नवरीच्या वडिलांनी त्याचा हात धरून आत नेलं आणि केळीच्या पानापुढे बसवलं. पोंगल, वडा, केसरी. आम्हीही बसलो. सुहासने दोनदा वाढून घेतलं.

मेधा तिथेच निघाली! पलीकडच्या पंगतीत शेजारणींबरोबर बसली होती, केसांत गजरा. आम्हाला बघून खो खो हसली. पुण्याच्या गोष्टी सांगताना ती हसायची ते मी पाहिलं होतं, पण असं कधी नाही.

परचुरे तिच्याकडे बघून मला म्हणाला, "किती दमली असेल बिचारी. बास झालं आता."

त्याचा आवाज ऐकून मी हातातला वडा पानात परत ठेवला. यानं काहीतरी ठरवलंय, हे मला त्या क्षणी कळलं.

*

वॉरंटीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. सेल्वमचे रोज फोन येत होते. "सर, फ्रायडे लास्ट सर. टेन्शन वेंडाम सर, जस्ट साइन सर." वेंडाम म्हणजे नको. गुरुवारपर्यंत परचुरेने काहीच सांगितलं नव्हतं. रात्रभर मला झोप नाही. गाडी त्याची, बायको त्याची, आणि मी का कुढत होते कोण जाणे!

शुक्रवारी दुपारी चारला तो माझ्या जागेवर आला. "चल, गिंडीला जाऊ. राव मामा आणि सुहासला पण घेऊ." गाडीत बसल्यावर त्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मागे दिला. पुण्याच्या ऑफिसने त्याची बदली मंजूर केल्याची मेल, छापून आणलेली. जानेवारीत हजर व्हायचं.

"मेधाला माहीत नाही. आज घरी गेल्यावर देणार. वॉरंटी नको, असं सेल्वमला तोंडावर सांगून येऊ. रोज फोन करतो बिचारा."

सुहास म्हणाला, "अभिनंदन दादा." कसंबसं म्हणाला. राव मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी कागद घडी करून परत दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. रडू येत होतं आणि आनंदही होत होता, मेधासाठी. निदान तो होतोय असं मी स्वतःला सांगत होते.

वर्कशॉपला पावणेपाच झाले होते. सेल्वम काउंटरवर. आम्हा चौघांना एकत्र बघून दोन पावलं मागे सरकला.

परचुरे म्हणाला, "सेल्वम, आय हॅव डिसायडेड. नो वॉरंटी."

"सर?"

"नो एक्स्टेंडेड वॉरंटी. फायनल."

सेल्वम गोंधळला. त्याने फाइल काढली, पानं उलटली आणि एक फॉर्म काउंटरवर ठेवला. "बट सर, मॅडम केम आल्रेडी. टुडे मॉर्निंग. फुल टू इयर्स सर. ऑल तमिळ ओन्ली स्पीकिंग सर, व्हेरी स्ट्रिक्ट मॅडम."

परचुरेने फॉर्म हातात घेतला. गाडीचा नंबर बरोबर, पत्ता बरोबर. खाली सहीच्या जागी तमिळ अक्षरं होती, गोल गोल, एकेक सुटं काढलेली. तो ती उलटसुलट बघत राहिला. दोन वर्षांत त्याला दुकानाच्या पाट्याही वाचता यायला लागल्या नव्हत्या.

"मामा," तो म्हणाला, "हे काय लिहिलंय?"

राव मामांनी फॉर्म घेतला, डोळ्यांजवळ धरला.

"मेधा परचुरे," त्यांनी वाचलं. "ऊर, म्हणजे गांव, वेलाचेरी." मग थोडं थांबून म्हणाले, "अक्षर बरवें आहे कीं तिचें."